परतलेल्यांचे ऋण

'शुक्र' हा शब्द आपल्या घरांतून दिवसभरात किती वेळा उच्चारला जातो, याची मोजदाद कोणी ठेवत नाही. जेवण झाले की शुक्र, मुलाचा ताप उतरला की शुक्र, गर्दीची लोकल वेळेवर ठाण्याला लागली तरी शुक्र. हा शुक्र अल्लाहसाठी असतो आणि तो जिभेवर इतका रुळलेला असतो की त्यासाठी वेगळा विचार करावा लागत नाही. त्याच्या शेजारचा 'एहसान' हा शब्द मात्र आपण जपून वापरतो. कुणाच्या एहसानाखाली राहणे आपल्याला कमीपणाचे वाटते. अल्लाहचे आभार मानताना मान सहज झुकते. माणसाचे मानताना ती अवघडते. प्रेषित मुहम्मद (स.) यांची एक हदीस या दोन गोष्टींत अंतर ठेवत नाही. जो माणसांचे आभार मानत नाही त्याने अल्लाहचेही मानले नाहीत, असा तिचा आशय आहे. म्हणजे माणसाविषयीची कृतज्ञता ही सौजन्यापुरती बाब राहत नाही. ती इबादतीच्या अंगणात येऊन उभी राहते. मग ती खरी केव्हा आणि नुसती तोंडदेखली केव्हा, हा प्रश्नही साधा राहत नाही.

सैनिकाविषयीची कृतज्ञता या कसोटीवर तपासून पाहण्याजोगी आहे, कारण ती व्यक्त करणे फार सोपे झाले आहे. आमच्या माजिवड्याच्या नाक्यावर मुंबईहून आलेला महामार्ग नाशिककडे जातो आणि त्याला घोडबंदरचा रस्ता फुटतो. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आगेमागे तिथे मोठमोठे फलक लागतात. फलकावर बंदूक रोखलेल्या जवानाचे चित्र असते आणि फलक लावणाऱ्यांचे चेहरे त्याहून मोठे असतात. सिग्नलला थांबलेली माणसे ते पाहतात आणि हिरवा दिवा लागला की पुढे जातात. यात कोणी ढोंग करतो असे मी म्हणणार नाही. पण त्या चित्रातल्या जवानाला नाव नसते, गाव नसते, आई नसते, कर्ज नसते आणि वय तर कधीच वाढत नाही. अशा माणसाचे आभार मानायला काही लागत नाही आणि मानून आपल्यात काही बदलतही नाही.

युद्धातून जिवंत परतलेल्या माणसाचे चरित्र वाचताना नेमके हेच बदलते. हुतात्म्याची कथा एका क्षणाला येऊन थांबते. तो क्षण तेजस्वी असतो, त्यापुढे आपल्याला काही विचारावे लागत नाही. वाचलेल्याची कथा मात्र तिथून सुरू होते. गोळी लागली, पुढे काय झाले? इस्पितळातून घरी आला, पुढे काय झाले? नोकरी कोणी दिली, लग्न झाले का, जिना कसा चढला, रात्री झोप लागत होती का? फलकावर या प्रश्नांना जागा नसते. चरित्राची पाने याच प्रश्नांनी भरलेली असतात.

मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण घ्यावे. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात १९४४ साली जन्मलेला हा मुलगा सैन्याच्या ईएमई दलात भरती झाला. कुस्तीची आवड होती, सैन्यात तो मुष्टियुद्ध खेळू लागला. १९६५ च्या युद्धात त्याला अनेक गोळ्या लागल्या, कमरेखालचे शरीर लुळे पडले आणि कण्यात शिरलेली गोळी शरीरातच राहिली. मुंबईत नौदलाच्या 'अश्विनी' रुग्णालयात उपचारांचा भाग म्हणून पोहणे सुरू झाले आणि तेच पुढे त्याचे मैदान ठरले. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइल शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकली. पॅरालिंपिकमधले भारताचे ते पहिले सुवर्णपदक होते. परदेशी जाण्याच्या खर्चासाठी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेचा आधार मिळाला. नंतर पुण्यात टेल्को कंपनीत नोकरी, संसार, म्हातारपण.

आता तारखा मांडून पाहाव्यात. युद्ध सप्टेंबर १९६५ मध्ये थांबले. पदक १९७२ मध्ये आले. 'पद्मश्री' मिळाली २०१८ साली, म्हणजे पदकानंतर ४६ वर्षांनी. त्यांच्या आयुष्यावरचा 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी चित्रपट २०२४ मध्ये आला आणि तेव्हा कुठे घराघरांत हे नाव पोहोचले. अर्जुन पुरस्काराचा जीवनगौरव तर जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपती भवनात हाती पडला, तेव्हा त्यांचे वय ८० होते. दरम्यानच्या काळात देशाने जवानांचा जयजयकार किती वेळा केला असेल! तो जयजयकार चालू असताना ज्याला उद्देशून तो होता तो माणूस पुणे-मुंबईच्या परिसरातच राहत होता आणि बहुतेकांना ठाऊक नव्हता. हे वाचून केवळ सरकारवर बोट ठेवणे सोयीचे आहे. पण शेजारच्या माणसाची विचारपूस करायला शासननिर्णय लागत नाही, हेही तेच पान सांगते.

कण्याला गोळी लागणे म्हणजे काय, हे अशा चरित्रांमुळे समजते. कमरेखाली संवेदना नसली की टाचेला झालेली जखमही कळत नाही. ठरावीक वेळाने कूस बदलून घ्यावी लागते, नाहीतर अंथरुणाला टेकलेल्या भागावर व्रण पडतात आणि ते हाडापर्यंत जातात. लघवीसाठी नळी लागते आणि नळीमुळे होणारा संसर्ग मूत्रपिंडावर उठतो. पुण्याजवळ खडकीला अशा जवानांसाठी १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. तिथे चाकांच्या खुर्चीत बसून माणसे वर्षानुवर्षे राहतात. काहींचे हातही चालत नाहीत, ते तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात. पुण्यातच कृत्रिम अवयव केंद्र आहे, ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले, १९४४ सालचे. या जागा ठाण्यापासून चार तासांच्या आत आहेत. सहलीला आपण त्याहून दूर जातो.

पेटकरांच्या कथेत कृतज्ञता वाचकाच्या बाजूने निघते. दुसरी एक कथा अशी आहे की जिच्यात ती जखमी सैनिकाच्या बाजूनेच निघते आणि अशा ठिकाणी जाऊन पोहोचते, की आपण चमकून थांबतो. १९३७ साली मुंबईत जन्मलेले इयान कार्डोझो गोरखा रायफल्समध्ये अधिकारी होते. कार्डोझो हे नाव गोरखा जवानांच्या तोंडी बसेना, म्हणून त्यांनी आपल्या साहेबाचे नाव 'कारतूस' करून टाकले. मेजर जनरल म्हणून निवृत्त झाल्यावर कार्डोझोंनी आपल्या आत्मकथनाला हेच नाव दिले.

डिसेंबर १९७१ मध्ये त्यांची पलटण आजच्या बांगलादेशातल्या सिल्हेटला लढत होती. तिथे त्यांचा पाय सुरुंगावर पडला आणि तो पाय उरला नाही, नुसता लोंबत राहिला. एका स्थानिक बांगलादेशी माणसाने त्यांना उचलून पलटणीपर्यंत आणले. वेदनाशामक मागितले, ते नव्हते. पाय कापायला साधन नव्हते. मग त्यांनी आपली खुकरी मागवली आणि मदतनिसाला पाय तोडायला सांगितले. त्या बिचाऱ्याचा हात धजेना, तेव्हा स्वतःच तो तोडला आणि नेऊन पुरायला सांगितले. हा प्रसंग अनेकांनी ऐकलेला असतो, कारण तो सांगायला भव्य आहे. त्यानंतरचा भाग कमी सांगितला जातो.

एवढ्यावर जीव वाचणार नव्हता. रीतसर शस्त्रक्रिया आवश्यक होती. जवळ शल्यचिकित्सक होता तो पाकिस्तानी सैन्याचा, युद्धकैदी झालेला. नाव मेजर मुहम्मद बशीर. कार्डोझोंनी आधी नकार दिला. शत्रूचा डॉक्टर नको आणि शत्रूचे रक्तही नको, असा त्यांचा हट्ट होता. हेलिकॉप्टर मिळण्याची शक्यता नाही, मरायचे आहे का, असे वरिष्ठांनी खडसावल्यावर ते डॉक्टरला तयार झाले. रक्ताची अट मात्र त्यांनी सोडली नाही. मेजर बशीर यांनी शस्त्रक्रिया केली आणि ती चांगली केली. कार्डोझो जगले, लाकडी पायावर धावून दाखवले, डोंगर चढून दाखवले आणि पाय गमावलेला अधिकारी पायदळाची पलटण व पुढे ब्रिगेडही सांभाळू शकतो, हे भारतीय सैन्यात पहिल्यांदा सिद्ध केले. त्या डॉक्टरचे आभार मानायचे राहून गेले, ही खंत त्यांनी पुढे मुलाखतींतून उघडपणे बोलून दाखवली.

या प्रसंगापाशी मला थोडे रेंगाळायचे आहे. कैदेत असलेल्या डॉक्टरसमोर त्याला हरवणाऱ्या सैन्याचा अधिकारी आडवा पडलेला आहे आणि तो अधिकारी त्याचे रक्तसुद्धा नाकारतो आहे. डॉक्टरच्या मनात त्या वेळी काय चालले असेल, हे आपल्याला कळणार नाही. त्याच्या हातांनी काय केले तेवढे कळते. बद्रच्या लढाईत पकडलेल्या ज्या कैद्यांना लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदिनेतल्या मुलांना शिकवावे आणि त्या बदल्यात सुटका मिळवावी, अशी व्यवस्था झाल्याचे सीरतच्या ग्रंथांत येते. विद्या शत्रूकडची असली तरी ती घेता येते आणि घेतली की तिचे ऋण लागते. कार्डोझोंनी आपल्या बाजूने ते ऋण नाकारले नाही. युद्धात पाय गमावलेल्या माणसाला त्या दुसऱ्या बाजूच्या माणसाविषयी गप्प राहता आले असते, त्याला कोणी दोष दिला नसता. तरी त्यांनी नाव घेऊन सांगितले.

आपल्या वाचकांसाठी या नावाला आणखी एक अर्थ आहे. भारत-पाकिस्तान युद्धांच्या कथा वाचताना मराठी मुस्लिम वाचकाला एक अवघडलेपण जाणवते आणि ते बहुधा बोलले जात नाही. या कथांतल्या शत्रूची नावे आपल्या घरांतल्या नावांसारखी असतात. एखाद्या पानावर मारला जाणारा कोणी आपल्या मामाच्या नावाचा असतो, पळून जाणारा चुलत्याच्या नावाचा. वर्गात असा धडा चालू असताना मागच्या बाकावरून एखादी नजर येते, ती आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी अनुभवलेली आहे. अशा वाचकाला कार्डोझोंच्या कथेतले बशीर हे नाव वेगळ्या जागी भेटते. ते नाव इथे जीव वाचवणाऱ्याचे आहे आणि हे सांगणारा भारतीय सैन्याचा अधिकारी आहे, ख्रिस्ती आहे, मुंबईकर आहे. नावावरून माणूस ठरत नाही, ही गोष्ट भाषणातून ऐकली की खरी वाटत नाही. रक्त गोठवणाऱ्या प्रसंगाच्या मध्यभागी सापडली की ती पटते.

याच अवघडलेपणातून दुसरा प्रश्न निघतो आणि तो टाळून कृतज्ञतेवर लिहिणे प्रामाणिक ठरणार नाही. आपल्याकडून सैनिकांविषयी आदर अनेकदा दाखल्यासारखा मागितला जातो. क्रिकेटचा सामना असो की सीमेवरची चकमक, 'तुमचे काय म्हणणे आहे?' हा सवाल सोसायटीच्या बैठकीत किंवा कचेरीतल्या चहाच्या वेळी कोणीतरी टाकतोच. त्यावर आपलेही उत्तर ठरलेले असते. आपण अब्दुल हमीद यांचे नाव पुढे करतो, ब्रिगेडियर मुहम्मद उस्मान यांचे करतो. दोघांचे शौर्य वादातीत आहे. उस्मान यांनी फाळणीनंतर भारतातच राहणे पसंत केले आणि ३ जुलै १९४८ रोजी झांगड येथे देह ठेवला. त्यांना महावीरचक्र मिळाले. अब्दुल हमीद यांनी सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरण भागात जीपवर बसवलेल्या तोफेने पॅटन रणगाडे उडवले आणि १० सप्टेंबरला त्यांना वीरमरण आले. त्यांना परमवीरचक्र मिळाले. पण ज्याने सवाल केला त्याच्या तोंडावर ही नावे दाखल्यासारखी फेकली की त्या माणसांचे काय होते? ती पुन्हा फलकावरच्या चित्रासारखी होतात. त्यांचा उपयोग होतो, ओळख होत नाही.

अब्दुल हमीद यांच्या पत्नी रसूलन बीबी यांच्याविषयी आपल्यापैकी कितीजणांनी वाचले आहे? २६ जानेवारी १९६६ रोजी त्यांनी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हातून पतीचे परमवीरचक्र स्वीकारले आणि त्यानंतर गाझीपूर जिल्ह्यात त्या २०१९ पर्यंत जगल्या. पतीनंतरची जवळपास ५४ वर्षे. युद्धातून वाचलेल्यांत त्यांचीही गणना करायला हवी. मुले वाढवणे, गावात पतीचे स्मारक व्हावे म्हणून धडपडणे, दरवर्षी त्या तारखेला सामोरे जाणे, हे सगळे त्यांच्या वाट्याला आले. अब्दुल हमीद यांचे नाव वादात वापरणाऱ्याला रसूलन बीबी माहीत असण्याचे कारण नसते. ज्याला त्यांचे ऋण वाटते, त्याला त्या माहीत व्हाव्याशा वाटतात. मागितलेल्या आणि आतून आलेल्या कृतज्ञतेत फरक कुठे आहे, हे मला इथे दिसते. आपल्या धर्मात अमलाचे मोल नियतीवर ठरते. दुसऱ्याला गप्प करण्यासाठी मानलेले आभार आणि दुसऱ्याच्या भीतीने मानलेले आभार, दोन्हींत नियत आभाराची नसते. कोणी दाखला मागतो म्हणून आपण चिडून आभारच मानू नयेत, असेही होऊ नये. मागणाऱ्याच्या उद्धटपणाची शिक्षा खडकीच्या त्या खुर्चीतल्या जवानाला का द्यावी? त्याने आपल्याकडे काहीच मागितलेले नाही.

काही मित्र यावर वेगळा आक्षेप घेतात. सैनिकांचे असे गुणगान केल्याने युद्धाचेच गुणगान होत नाही का, असे ते विचारतात. आक्षेप वजनदार आहे. शौर्याच्या कथा मुलांना ऐकवताना मरणारा माणूस गळतो आणि नुसता विजय उरतो, हे आपण पाहिले आहे. पण त्याचे औषधही वाचलेल्यांच्या चरित्रातच आहे. अंथरुणातले व्रण, स्वतःच्या हाताने तोडलेला पाय, ४६ वर्षे वाट पाहिलेला सन्मान वाचून कुणाला युद्धाची हौस वाटेल, असे मला वाटत नाही. ज्याला जखमेची किंमत कळली तो ती जखम पुन्हा कुणाला होऊ नये असेच म्हणेल. सैनिकाविषयीची खरी कृतज्ञता माणसाला शांततेकडे झुकवते. राज्यकर्त्यांनी युद्धाचा निर्णय घेताना शंभर वेळा विचार करावा, अशी मागणी करण्याचा अधिकारही तीच देते. युद्ध योग्य होते की अयोग्य, हा प्रश्न निर्णय घेणाऱ्यांना विचारावा. ज्याने आज्ञेनुसार आपला पाय तिथे ठेवला, त्याच्या ऋणाची परतफेड त्या उत्तरासाठी थांबवून ठेवता येत नाही.

कार्डोझोंनी स्वतःच्या कथेबरोबर आणखी एक काम केले. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात 'खुकरी' ही भारतीय युद्धनौका बुडाली, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्या रात्री पाण्यातून जिवंत निघालेल्यांना शोधून त्यांचे अनुभव कार्डोझोंनी २००६ मध्ये पुस्तकात मांडले. स्वतः वाचलेल्या माणसाने वाचलेल्या इतरांना बोलते केले. या प्रयत्नामुळे माझ्या मनात जो विचार येतो तो आपल्याच घरांविषयीचा आहे. ज्यांचे चरित्र कोणी लिहिले नाही, त्यांच्या ऋणाचे काय?

कोकणातल्या मुस्लिम घरांत 'बोटीवर जाणे' ही पिढ्यान्‌पिढ्यांची नोकरी होती. रत्नागिरी, राजापूर, दापोली, श्रीवर्धनच्या बाजूची माणसे मुंबईहून व्यापारी जहाजांवर खलाशी म्हणून चढत. सारंग आणि टंडेल त्यांच्यातलेच असत. दोन्ही महायुद्धांत ही जहाजे माल आणि सैन्य वाहून नेत होती आणि पाणबुड्या त्यांनाच बुडवत होत्या. २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेले 'तिलावा' हे जहाज तिसऱ्या दिवशी जपानी पाणबुडीने अरबी समुद्रात बुडवले. २८० माणसे गेली. उरलेली सुमारे पावणेसातशे माणसे सुटका होऊन २७ तारखेला मुंबईला परत आली. ही एका जहाजाची गोष्ट. मशीद बंदर स्थानकाजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात, इंडियन सेलर्स होममध्ये, पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय नाविकांचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातले सुमारे सहा हजार नाविक एका नामावलीच्या ग्रंथात नोंदलेले आहेत. ग्रंथाची एक प्रत मुंबईत आणि एक चितगावात. तेही एक पुस्तकच, पण त्यात फक्त नावे आहेत. माणूस नाही.

आणि ही नावे गेलेल्यांची. जे बुडत्या जहाजावरून फळकुटाला धरून वाचले, परत गावी आले आणि पुन्हा दुसऱ्या बोटीवर चढले, त्यांची तर नावेही कुठे एकत्र नोंदलेली नाहीत. ते लढवय्ये नव्हते, त्यांना चक्रे मिळाली नाहीत, ते ज्या साम्राज्यासाठी राबले ते आपले नव्हते. पोटासाठी गेले होते, हे खरे. सैन्यात तरी किती जण पोटासाठी जात नाहीत? युद्धाच्या तोंडी उभे राहणाऱ्याची भीती आणि त्याच्या घरातली वाट पाहणारी बाई, ही दोन्हीकडे सारखीच असते. त्या खलाशांची नातवंडे, पणतवंडे आज मुंब्रा-कौशात, राबोडीत, भिवंडीत, कल्याणला आणि इथे माजिवड्यातही राहतात. एखाद्या घरात आजोबांचे सीडीसीचे जुने पुस्तक, एखादे पदक, परदेशी बंदराचे पोस्टकार्ड पेटीच्या तळाशी असते. घर बदलताना पहिल्यांदा टाकले जाते ते हेच.

मोठ्या माणसाचे चरित्र वाचून आपल्याला ऋण जाणवते, हे चांगलेच आहे. पण चरित्रामुळे ऋण निर्माण झालेले नसते, ते आधीपासून असते. पुस्तकाने ते नुसते दाखवलेले असते. म्हणून एक चरित्र वाचून मिटल्यावर दृष्टी जवळ वळली पाहिजे. माजिवड्यात जुन्या कंपन्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्या गेटवर निळ्या गणवेशात बसलेल्यांत निवृत्त फौजी सापडतात. सैन्यातला शिपाई साधारण पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो, तेव्हा त्याची मुले शाळेत असतात आणि पेन्शनवर भागत नाही, म्हणून दुसरी नोकरी पत्करतो. त्याला आपण 'वॉचमन' म्हणून हाक मारतो, गाडीचा काच खाली न करता हात दाखवतो. 'दादा, कुठल्या पलटणीत होता?' एवढे विचारायला फार लागत नाही. उत्तर ऐकायला मात्र पाच मिनिटे थांबावे लागते.

७ डिसेंबर हा १९४९ पासून सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जातो. शाळेत छोटा कागदी झेंडा टाचणीने छातीवर लावायचो, तो त्याच निधीसाठी. आपल्या मोहल्ल्यांत जकात, सदका, फित्रा यांचे हिशेब चोख ठेवणारी माणसे आहेत. वर्षातून एकदा या निधीलाही स्वेच्छेने काही द्यावे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा पत्ता मुलांना माहीत असावा, खडकीच्या केंद्राला एकदा भेट द्यावी. हे कोणाला दाखवण्यासाठी करायचे नाही. त्याचे छायाचित्र काढून कुठे लावायचे नाही. सदक्याविषयी आपल्याला शिकवले आहे की उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये. ही शिकवण दाखला मागणाऱ्यांनाही उत्तर देते: आमचे आभार आम्ही ज्याचे त्याला पोहोचवले आहेत, त्याची पावती तुम्हाला देण्याचे कारण नाही.

वेळ मात्र थोडा आहे. १९७१ मध्ये विशीत असलेला जवान आज पंच्याहत्तरीच्या घरात आहे. १९६५ चे त्याहून थकलेले आहेत. दुसऱ्या महायुद्धातला खलाशी तर आता सापडणे जवळजवळ अशक्य. त्याने सांगितलेले ऐकलेली मुले तेवढी उरली आहेत आणि तीही म्हातारी झाली आहेत. त्यांच्याजवळ बसून विचारले पाहिजे, उतरवून घेतले पाहिजे, पेटीतले कागद जपले पाहिजेत. मराठी मुस्लिमांच्या अंकांनी कथा-कविता छापल्या तशीच या माणसांची दोन-दोन पानांची चरित्रेही छापावीत. इयान कार्डोझोंना ज्याचे आभार मानायचे होते त्याचे नाव ठाऊक होते, तरी भेट झाली नाही. आपल्याला ज्यांचे मानायचे आहेत, त्यांतले बरेच जण अजून हाकेच्या अंतरावर आहेत.